जुन्या फोनचा कैवार

कपडे आणि पुस्तके थोरल्याकडून धाकट्याकडे जातात, हा आपल्या घरांचा जुना रिवाज आहे. थोरल्या भावाला आखूड झालेला सदरा धाकट्याच्या अंगावर येतो आणि ताईचे भूमितीचे पुस्तक, तिच्या पेन्सिलीच्या खुणांसह, पुढल्या वर्षी धाकटीच्या दप्तरात जाते. मोबाइल फोनचा प्रवाह मात्र पुष्कळ घरांत उलट दिशेने वाहताना दिसतो. नवा फोन येतो तो नोकरीस लागलेल्या मुलाच्या किंवा कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या हाती. तिने चार वर्षे वापरलेला फोन आईकडे येतो, आईचा काचेला तडा गेलेला फोन आजोबांकडे जातो आणि आजीजवळ बहुधा बटणांचा साधा फोनच उरतो. परिणाम असा की, घरात ज्याची दृष्टी सर्वांत अधू, ज्याची बोटे थरथरणारी आणि ज्याला यंत्राचा सराव सर्वांत कमी, त्याच्याच वाट्याला सर्वांत मंद यंत्र येते.

फोन केवळ बोलण्यापुरता असता, तर यात फारसे बिघडले नसते. परंतु विजेचे बिल, गॅसची टाकी, बँकेचे खाते, आगगाडीचे तिकीट, इतकेच काय, शाळेची सूचनाही आता हळूहळू फोनवरील ॲपमध्ये जाऊन बसू लागली आहे. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो की, वर सांगितलेल्या घरातील प्रत्येक फोनवर ते ॲप चालेल काय? आणि चालत नसेल, तर दोष कोणाचा? जुना फोन बाळगणाऱ्याचा, की ॲप रचणाऱ्याचा? माझे मत स्पष्ट आहे. ज्या कामासाठी लोकांना ॲपवाचून दुसरा मार्ग ठेवलेला नाही, त्या कामाचे ॲप सर्वांत दुबळ्या यंत्रावर चालवून दाखविणे, आणि ते अशक्य असेल तर दुसरा दरवाजा उघडून देणे, हे रचणाऱ्याचे कर्तव्य आहे. त्याला उपकार म्हणता येणार नाही.

हे कर्तव्य बोलण्याइतके सोपे नाही, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. आयफोन २००७ साली बाजारात आला आणि अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन २००८ साली. या दोन कार्यप्रणालींची घडण वेगळी आहे. ॲपलच्या फोनसाठी प्रोग्राम लिहावयाचा तर आज बहुधा स्विफ्ट ही भाषा वापरतात. अँड्रॉइडसाठी कोटलिन किंवा जावा. त्यातही अँड्रॉइड ही प्रणाली अनेक कंपन्या आपापल्या फोनांत बसवितात. कोणाचा पडदा लहान, कोणाचा मोठा. कोणाची मेमरी तोकडी, कोणाची भरपूर. कोणाच्या फोनला अनेक वर्षे नवी आवृत्ती मिळत राहते, तर कोणाचा फोन लवकरच विस्मृतीत ढकलला जातो.

एकट्या पडद्याचेच उदाहरण घेऊ. पडद्यावरील चित्र हे बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. त्यांना पिक्सेल म्हणतात. समजा, रचणाऱ्याने शंभर ठिपके रुंदीचे बटण काढले. ज्या पडद्यावर एका इंचात १६० ठिपके मावतात, तेथे ते बटण सुमारे १६ मिलिमीटर रुंद दिसेल. ज्या पडद्यावर इंचात ४८० ठिपके आहेत, तेथे तेच बटण जेमतेम ५ मिलिमीटर होईल आणि आजोबांचे बोट त्याऐवजी शेजारच्या बटणावर पडेल. म्हणून अँड्रॉइडमध्ये मोजमाप ठिपक्यांत न करता डीपी नावाच्या एका सोयीच्या एककात करतात. पहिल्या पडद्यावर एक डीपी म्हणजे एक ठिपका, तर दुसऱ्यावर तीन ठिपके. त्यामुळे बटणाचा प्रत्यक्ष आकार दोन्हीकडे सारखाच राहतो. बोटाने दाबण्याची जागा निदान ४८ डीपी, म्हणजे सुमारे पाऊण सेंटिमीटर, असावी असे गूगलचे मार्गदर्शन आहे. त्रैराशिकाचे गणित शाळेत शिकवितात ते कशासाठी, असे विचारणाऱ्यांना हे एक उत्तर पुरेसे व्हावे.

भिन्न यंत्रांचा हा गुंता सोडविण्याची खटपट नवी नाही. १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने जावा ही भाषा लोकांपुढे ठेवली, तेव्हा ‘एकदा लिहा, कोठेही चालवा’ हेच तिचे घोषवाक्य होते. २०१० साली ईथन मार्कॉट यांनी पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपली मांडणी आपणच बदलणाऱ्या वेबपृष्ठांची कल्पना मांडली. मोठ्या पडद्यावर तीन स्तंभांत असलेला मजकूर लहान पडद्यावर एकाखाली एक येऊन बसतो, तो याच कल्पनेचा विस्तार होय. पुढे २०१५ साली फेसबुकने रिअॅक्ट नेटिव्ह आणि २०१८च्या डिसेंबरात गूगलने फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती सर्वांना खुली केली. या साधनांनी प्रोग्राम बव्हंशी एकदाच लिहून तो अँड्रॉइड आणि आयफोन या दोहोंवर चालविता येतो. दोन निराळे संघ, दोन निराळे खर्च आणि दोन ठिकाणच्या दोन निराळ्या चुका, यांतून लहान संस्थांची सुटका झाली, हे या साधनांचे मोठेच श्रेय आहे.

परंतु येथेच एक भ्रम उत्पन्न होतो. ॲप दोन्ही कार्यप्रणालींवर चालले, की ते ‘सर्वत्र’ चालले, असे मानले जाते. वस्तुतः या साधनांनी मुख्यतः रचणाऱ्याची अडचण दूर केली; वापरणाऱ्याची अडचण पुष्कळदा होती तेथेच राहिली. फ्लटरमध्ये तयार केलेले ॲप पडद्यावर रेखाटन करण्याची आपली यंत्रणा आपल्याबरोबरच वाहून नेते. त्यामुळे सगळीकडे चित्र एकसारखे उमटते हे खरे. पण त्या प्रमाणात ॲपचा भारही वाढतो. ज्याच्या फोनमध्ये लग्नाची छायाचित्रे आणि सकाळचे सुविचार यांनी जागा उरलेली नाही, त्याला तो भार जाणवतोच. नव्या फोनवर क्षणात उघडणारे पान जुन्या फोनवर अर्धा मिनिट पांढरेच राहते आणि तेवढ्यात माणूस ‘आपलेच काही चुकले’ असे समजून फोन खाली ठेवतो. यंत्रांतील भेद हा दोन कंपन्यांमधला भेद नव्हे. तो मेमरीचा, वयाचा, दृष्टीचा, नेटच्या वेगाचा आणि भाषेचाही भेद आहे.

भाषेची गोष्ट आपल्या विशेष जिव्हाळ्याची, म्हणून थोडी विस्ताराने सांगतो. जगातील लिपींची अक्षरे संगणकात एकाच पद्धतीने साठविता यावीत, म्हणून युनिकोड नावाची संहिता झाली. देवनागरी तिच्यात १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. परंतु ‘ॲप’ या शब्दाच्या आरंभीचे ‘ॲ’ हे अक्षर स्वतंत्रपणे त्या संहितेत आले ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. तोवर लोक ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवीत आणि अजूनही पुष्कळजण तसेच करतात. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन निराळे शब्द आहेत. प्रोग्राम लिहिणाऱ्याने याची दखल घेतली नसेल, तर एका रूपाने शोध घेणाऱ्यास दुसऱ्या रूपातील मजकूर सापडत नाही. ज्या जुन्या फोनमधील टंकात हे अक्षर नाही, तेथे त्याच्या जागी रिकामा चौकोन उमटतो. म्हणजे ज्या वस्तूविषयी आपण बोलत आहोत, तिचे नावसुद्धा सर्व फोनांवर सारखे वाचता येत नाही!

हीच गत ‘दऱ्या’ आणि ‘सुऱ्या’ यांतील अर्ध्या ‘र’ची. तो हिंदीला लागत नाही, म्हणून हिंदी पुरते तपासून ‘देवनागरी झाली’ असे म्हणणाऱ्याच्या तो ध्यानातही येत नाही. इंग्रजी शब्दाच्या मापाने कापलेल्या बटणात मराठी शब्द बसत नाही, त्याची वेलांटी वर कापली जाते आणि उकार खाली नाहीसा होतो. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहून घरात मराठी जपणाऱ्या आपल्यासारख्यांना ही वेदना सांगावी लागत नाही. भोवतालची भाषा एक, कचेरीची दुसरी आणि घरातली तिसरी. अशा कुटुंबातील वृद्धाला भाषा निवडण्याची सोय मिळाली नाही, तर नवे यंत्रही त्याला जुन्याइतकेच परके ठरते.

या उणिवांची किंमत किती असते, हे महामारीच्या काळात देशाने पाहिले. आरोग्य सेतु हे ॲप २ एप्रिल २०२० रोजी अँड्रॉइड आणि आयफोन यांसाठी निघाले. जिओफोनसाठी त्याची आवृत्ती आणि साध्या फोनवाल्यांसाठी १९२१ या क्रमांकाची दूरध्वनी सेवा मे महिन्यात आली. त्याच मे महिन्याच्या आरंभी कर्मचाऱ्यांना हे ॲप सक्तीचे करणारा आदेश निघाला आणि तो पुढे सौम्य करावा लागला. १ मे २०२१पासून १८ ते ४४ वर्षांच्या नागरिकांना लस मिळू लागली, तेव्हा कोविन व्यवस्थेवर आधी नोंदणी करणे आवश्यक होते. ज्यांच्याजवळ योग्य फोन, वेगवान नेट आणि इंग्रजीचे ज्ञान होते, त्यांना वेळ मिळविणे सोपे गेले. ही विषमता सर्वोच्च न्यायालयानेही दाखवून दिली. मेच्या अखेरीस सरकारी केंद्रांवर प्रत्यक्ष जाऊन नोंदणी करण्याची मुभा मिळाली आणि जूनमध्ये कोविन मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध झाले. ज्यांनी या व्यवस्था अल्पावधीत उभ्या केल्या, त्यांचे श्रम मोठे होते, यात शंका नाही. पण दुसरा दरवाजा नंतर उघडला गेला आणि ‘नंतर’ या शब्दाचा अर्थ रोगाच्या साथीत फार कठोर असतो.

याच्या उलट बाजूचेही एक उदाहरण आपल्यापुढे आहे. यूपीआय ही पैसे पाठविण्याची पद्धती २०१६ साली सुरू झाली. तिचा पाया असा घातला गेला की, बँक कोणतीही असो, ॲप कोणत्याही कंपनीचे असो, देणे-घेणे एकमेकांत व्हावे. पुढे मार्च २०२२मध्ये रिझर्व्ह बँकेने यूपीआय १२३पे या नावाने साध्या फोनसाठी व्यवस्था आणली. ठरावीक क्रमांकावर बोलून किंवा चुकलेला कॉल देऊनही बटणांच्या फोनवरून पैसे देता येऊ लागले. तिला सहा वर्षे लागली, ही खंत आहेच; पण ती येऊ शकली याचे कारण लक्षात घेण्याजोगे आहे. हिशेब राखणारी मूळ यंत्रणा आणि माणसाला दिसणारा तिचा चेहरा, ही दोन अंगे तेथे वेगळी ठेवलेली होती. त्यामुळे पाया न खणता भिंतीत आणखी एक दार काढता आले. ज्या ॲपमध्ये सारा कारभार एकाच पडद्याशी जखडलेला असतो, तेथे हे साधत नाही.

बडोद्याच्या वाचकांना हा विचार परका वाटू नये. १९१० साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतील ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांच्या साहाय्याने संस्थानात ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली. राजधानीत मध्यवर्ती ग्रंथालय होते, गावोगावी वाचनालये निघाली आणि जेथे तीही नव्हती, तेथे पुस्तकांनी भरलेल्या फिरत्या पेट्या पाठविल्या जात. ‘पुस्तक हवे असेल तर राजधानीत या’ असे गावकऱ्याला कोणी सांगितले नाही. ग्रंथ तेच, पण वाचकाच्या ऐपतीप्रमाणे ते त्याच्यापर्यंत नेणारी साधने निरनिराळी. आजच्या ॲप रचणाऱ्यांनी संगणकाच्या ग्रंथांइतकेच या पेट्यांचेही चिंतन करावे, असे मला वाटते.

आता या मताविरुद्ध जे आक्षेप येतात, त्यांचा प्रामाणिकपणे विचार करू. पहिला आक्षेप खर्चाचा. प्रत्येक जुन्या यंत्रावर तपासणी करावयाची म्हणजे वेळ आणि पैसा लागतो, हे खरे आहे. परंतु हा खर्च टाळला म्हणजे तो नाहीसा होत नाही. तो फक्त दुसऱ्याच्या माथी जातो. हजारो लोकांना नवे फोन विकत घ्यावे लागतात, शेजारच्या मुलाच्या पाया पडावे लागते किंवा पैसे मोजून दुकानदाराकडून अर्ज भरून घ्यावा लागतो.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आणि तो अधिक वजनदार आहे. कंपन्या जुन्या फोनला सुरक्षिततेच्या दुरुस्त्या पाठविणे थांबवितात. अशा फोनवर बँकेचे व्यवहार करू देणे म्हणजे मोडक्या कुलपाच्या पेटीत दागिने ठेवण्यासारखे आहे. व्हॉट्सॲपने ऑक्टोबर २०२३मध्ये अँड्रॉइडच्या ५.० या, म्हणजे २०१४ साली आलेल्या, आवृत्तीपेक्षा जुन्या फोनांना आधार देणे बंद केले, ते अगदीच अवाजवी म्हणता येणार नाही. कोठेतरी मर्यादा घालावीच लागते. तथापि जेथे लोकांना पर्याय आहे तेथील मर्यादा आणि जेथे सक्ती आहे तेथील मर्यादा यांत भेद केला पाहिजे. खेळाचे ॲप चालले नाही तर माणूस दुसरा खेळ शोधतो. निवृत्तिवेतनाचे, परीक्षेच्या अर्जाचे किंवा औषधाच्या नोंदीचे ॲप चालले नाही तर त्याला दुसरे काही शोधता येत नाही. जुने यंत्र सुरक्षित नसेल तर त्यावर ॲप चालवू नका. पण मग खिडकीवरचा माणूस, दूरध्वनीचा क्रमांक किंवा कागदाचा अर्ज काढूनही घेऊ नका.

तिसरा आक्षेप असा की, दुबळ्या यंत्राला प्रमाण मानले तर नव्या यंत्रांच्या शक्तीचा उपयोगच होणार नाही. याला वेब रचणाऱ्यांनी २००३च्या सुमारासच उत्तर शोधले होते. आधी मजकूर आणि मुख्य काम कोणत्याही यंत्रावर होईल असे करावे. त्यावर मांडणी चढवावी. आणि ज्याचे यंत्र समर्थ असेल त्याला शेवटी शोभेची व सोयीची अंगे द्यावीत. भात-वरण सर्वांना मिळाल्यावर पक्वान्नास कोणाचीच हरकत नसते.

हा विषय सौजन्याच्या पलीकडे गेला आहे, हेही सांगितले पाहिजे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका महत्त्वाच्या निकालात असे म्हटले की, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हे घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जीवनाच्या हक्काचेच अंग आहे. ओळख पटविण्यासाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा, असे यंत्र सांगते. पण ॲसिडच्या हल्ल्यात पापण्यांना इजा झालेल्या किंवा दृष्टी नसलेल्या माणसाने ते कसे करावे? ज्यांनी ती रीत ठरविली त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. आपल्यासारखेच डोळे सर्वांना आहेत, एवढेच त्यांनी गृहीत धरले होते. आपल्यासारखाच फोन सर्वांजवळ आहे, हे गृहीत धरणे त्याच जातीचे होय.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी काहीजण आज ना उद्या असे प्रोग्राम लिहितील. कदाचित शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी काहींनी लिहिलेही असतील. त्यांना माझी विनंती आहे. आपले ॲप तयार झाले, की ते प्रथम घरातील सर्वांत जुन्या फोनवर चालवून पाहा. नेट बंद करा आणि अर्धवट भरलेला अर्ज जपला जातो की नाहीसा होतो, ते तपासा. अक्षरांचा आकार सर्वांत मोठा करून बटणे एकमेकांवर चढतात का ते बघा. अँड्रॉइडमधील टॉकबॅक किंवा आयफोनमधील व्हॉइसओव्हर चालू करून, डोळे मिटून, केवळ आवाजाच्या आधाराने काम पुरे होते का ते पाहा. ‘दऱ्या’ हा शब्द टंकून तो नीट उमटतो का ते पाहा. आणि शेवटी आपल्या आजोबांच्या हाती तो फोन देऊन शेजारी गप्प बसा. ते जेथे अडखळतील तेथे त्यांना शिकवू नका; तेथे आपला प्रोग्राम सुधारा.

पालकांना आणि आम्हा शिक्षकांनाही यात करण्याजोगे आहे. एखादी संस्था ‘आमच्या ॲपवरच या’ असे म्हणते, तेव्हा ‘आणि ज्याच्याजवळ तसा फोन नाही त्याने काय करावे?’ हा प्रश्न विचारण्यास संकोच वाटू नये. शाळेनेही ॲपवर सूचना द्यावी, पण फळ्यावर ती लिहिण्याची प्रथा मोडू नये. ज्या विद्यार्थ्याच्या घरी एकच फोन आहे आणि तोही वडिलांबरोबर दिवसभर कामावर जातो, त्याचा गृहपाठ रात्री दहानंतर सुरू होता कामा नये.

यंत्रे दरवर्षी नवी निघतील, आज नावाजलेली साधनेही उद्या मागे पडतील आणि या लेखातील काही नावे तुमच्या धाकट्या भावंडांना ठाऊकही नसतील. परंतु प्रत्येक काळात काही माणसे सर्वांत जुने यंत्र हाती घेऊन उभी असणारच. त्यांचे काम न अडविणारा प्रोग्राम जो लिहील, त्याच्याच विद्येचा समाजाला खरा उपयोग झाला असे म्हणता येईल.